'क्षेत्र उत्सर्जन' : बाहेर नक्की काय पडतं?

प्रश्न : 'फील्ड एमिशन'साठी (तीव्र विद्युत क्षेत्रामुळे पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर पडणं) मी लेखात 'क्षेत्र उत्सर्जन' लिहिलं. वाक्य होतं, 'कार्बन नॅनोट्यूबमधून इलेक्ट्रॉनचे क्षेत्र उत्सर्जन' (नॅनोट्यूब म्हणजे कार्बन अणूंची अतिसूक्ष्म नळी). मैत्रिणीने विचारलं, "म्हणजे क्षेत्र बाहेर पडतं का?" तिला चूक म्हणवेना. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : घोळ समासाचा आहे. तुम्हाला 'क्षेत्रामुळे होणारं उत्सर्जन' म्हणायचंय. पण 'कार्बन उत्सर्जन' रोज वाचणारा माणूस 'क्षेत्राचं उत्सर्जन' असाच विग्रह करणार. त्यात तुमच्या वाक्यात कार्बनही आहे, म्हणजे काही जणांना धूरच दिसेल! 'क्षेत्रजन्य उत्सर्जन' करा.

दुसऱ्या कुणाचं उत्तर : 'जन्य' खटकतं. इलेक्ट्रॉन क्षेत्रातून जन्मत नाहीत, ते पदार्थात आधीपासून असतात.

उत्तर : 'जन्य' हे उत्सर्जनाचं विशेषण आहे, इलेक्ट्रॉनचं नव्हे. आणि उत्सर्जन खरोखरच क्षेत्रामुळे घडतं. तापलेल्या तारेतला इलेक्ट्रॉन उष्णतेच्या बळावर पृष्ठभागावरचा ऊर्जेचा अडथळा ओलांडतो. इथे तापवावं लागत नाही. दर नॅनोमीटरला काही व्होल्ट इतकं तीव्र विद्युत क्षेत्र लावलं की तो अडथळा इतका पातळ होतो की इलेक्ट्रॉन त्याच्या आरपार जातो. फाउलर आणि नॉर्डहाइम या भौतिकशास्त्रज्ञांनी याचं गणित 1928 मध्ये मांडलं, तेही पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) आधारे. म्हणून इथे 'उडी' हा शब्द टाळा, 'आरपार' हवं.

आणखी कुणाचं उत्तर : 'शीत उत्सर्जन' सुटसुटीत नाही का?

उत्तर : सुटसुटीत आहे, पण उष्णता लागत नाही एवढंच सांगतं. काय लागतं ते सांगत नाही.

आणखी एक उत्तर : समासावर एवढा खल झाला, पण मला जास्त बोचतो तो 'मधून'. नॅनोट्यूब म्हणजे नळी, आणि 'नळीमधून' म्हटलं की पोकळीतून पाण्यासारखी धार येते असं वाटतं. तसं नाही. पुष्कळ नॅनोट्यूबची टोकं बंदच असतात, तरी इलेक्ट्रॉन सुटतात. सुटतात ते टोकावरच्या कार्बन अणूंपासून. नळीची पोकळी इथे बिनकामाची. कामाचा आहे तिचा अणकुचीदारपणा. लांबी मायक्रोमीटरमध्ये, जाडी नॅनोमीटरमध्ये, त्यामुळे क्षेत्र टोकाशी एकवटतं. बाहेरून दर मायक्रोमीटरला काही व्होल्ट लावले तरी टोकाशी ते हजारपट होऊ शकतं. या पटीला 'क्षेत्रवर्धन गुणक' म्हणता येईल. म्हणून 'टोकावरून' लिहा.

आणि नळ्या फार दाट उभ्या केल्या तर त्या एकमेकींच्या टोकांपर्यंत क्षेत्र पोचू देत नाहीत. या 'स्क्रीनिंग'ला 'आवरण' हा शब्द सुचवला जातो, पण आवरण अंगावर असतं. इथे शेजारणीचा 'आडोसा' होतो. मला हाच शब्द आवडतो, कोशात असो नसो.

प्रश्नकर्ता : मग असं : 'कार्बन नॅनोट्यूबच्या टोकावरून होणारं इलेक्ट्रॉनांचं क्षेत्रजन्य उत्सर्जन'. लांबलं, पण मैत्रिणीला कळलं. आता ती विचारते, नळीच्या कडेने का नाही?

उत्तर : कडेला क्षेत्र खूपच कमी असतं, आणि क्षेत्र थोडं घटलं तरी प्रवाह कितीतरी पटींनी कोसळतो. भिंतीत दोष असेल तर तिथूनही सुटू शकतात. पण आता 'सुटणं' की 'निसटणं' यावर कृपया वेगळा प्रश्न टाका.