घरच्या गॅलरीतून नवा स्पॉटिंग स्कोप कसा पारखावा?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. ऐरोलीत खाडीच्या बाजूला वरच्या मजल्यावर आमचे घर आहे आणि पश्चिमेकडच्या गॅलरीतून कांदळवन व त्यापलीकडचा चिखलपट्टा दिसतो. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. एवढी मोलाची जागा समोर असताना तिथले रोहित (फ्लेमिंगो) पक्षी केवळ गुलाबी पट्ट्यासारखे पाहत राहणे मनाला पटत नव्हते, म्हणून मी २० ते ६० पट मोठे दाखवणारा, ८० मिलिमीटर भिंगाचा, ४५ अंशाच्या कोनातून वाकून पाहायचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी पाहण्याची एकनळी दुर्बीण, घेतला. लहान रोहिताची गडद चोच आणि मोठ्या रोहिताची काळ्या टोकाची गुलाबी चोच वेगळी ओळखता यावी, ओहोटीला चिखलात उतरणारे तुतवार आणि चिखले नीट पाहता यावेत, एवढीच अपेक्षा आहे.

अडचण अशी की २० पटीवर चित्र स्वच्छ दिसते, ४० च्या पुढे ते मऊ पडू लागते आणि ६० वर फोकस कुठेच स्थिरावत नाही. दुपारी सरकती खिडकी बंद ठेवून आणि उघडी ठेवून, दोन्ही प्रकारे पाहिले. फरक पडला, पण समाधान झाले नाही. शिवाय ६० पटीवर काही करडे ठिपके आणि धागे तरंगताना दिसतात, ती आतली धूळ आहे का, हेही कळत नाही. वस्तू परत करण्याची मुदत अजून आहे. दोष उपकरणात आहे की अन्य कशात, हे घरच्या घरी खात्रीने कसे ठरवावे?

पारसिक पायथा

आपण वर्णन केलेली लक्षणे सदोष स्कोपमध्ये दिसतात तशी निर्दोष स्कोपमध्येही दिसतात, आणि म्हणूनच खाडीकडे पाहून स्कोपची परीक्षा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारी तापलेला चिखल, पाणी आणि खालच्या इमारतींच्या गच्च्या यांवरून गरम हवा वर चढत असते. थंड व गरम हवेचे थर प्रकाशकिरण वेगवेगळे वाकवतात आणि एक-दोन किलोमीटरच्या अंतरात हा परिणाम साचत जातो. अशा वेळी कितीही महागडा स्कोप असला तरी पंचवीस-तीस पटीच्या पुढे केवळ थरथरच मोठी दिसते. आपल्या गॅलरीखाली शेजाऱ्यांच्या एसीची बाहेरची युनिटे बसवलेली असतील, तर त्यांतून निघणारी गरम हवा थेट भिंगासमोरून वर जाते, हेही तपासा. घरातला एसी चालू ठेवून दार उघडले तर थंड आणि गरम हवा दारातच मिसळते. खिडकीची काच तर पूर्ण वर्ज्य समजा, कारण ती नुसत्या डोळ्यांना सपाट वाटली तरी ६० पटीवर तिच्यातील असमानता प्रतिमा बिघडवते.

म्हणून चाचणीचे अंतर कमी करा. सोसायटीच्या आवारात, शक्यतो बागेच्या हिरवळीवरून, सूर्य नुकताच वर आल्यावर, वीस ते तीस मीटर अंतरावर पाहा. स्कोप आधी अर्धा तास बाहेर ठेवा, म्हणजे भिंगे आणि नळी बाहेरच्या तापमानाला येतील. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून तो एकदम बाहेर नेला की भिंगावर दव साचते. ते पुसू नये, आपोआप उडू द्यावे.

आता मुख्य चाचणी. सायकलच्या दुकानात मिळणारा बेअरिंगचा सुमारे सहा मिलिमीटरचा चकचकीत छर्रा घ्या, तो काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि ऊन पडेल असा ठेवा. त्यात सूर्याचे जे बारीक प्रतिबिंब दिसते, ते वीस मीटरवरून इतके लहान असते की स्कोपच्या दृष्टीने तो एक ताराच होय. ६० पटीवर तो मधोमध आणून फोकस अगदी थोडा आत आणि मग तेवढाच बाहेर न्या. दोन्ही बाजूंना एकात एक गोल वलये दिसली आणि ती साधारण सारखी असली, तर भिंगे चांगली आहेत आणि नीट बसलेली आहेत. वलये एका बाजूला सरकलेली असतील तर भिंगांचे केंद्र जुळलेले नाही. एका बाजूला वलये ठळक आणि दुसऱ्या बाजूला नुसता धुरकट गोळा दिसत असेल, तर भिंगाच्या कडेचे आणि मध्याचे किरण एका जागी मिळत नाहीत. वलय लांबट असेल आणि फोकसच्या पलीकडे गेल्यावर ते लांबटपण काटकोनात फिरत असेल, तर तो दृष्टिवैषम्याचा दोष होय. मात्र असे दिसल्यास आपले डोके थोडे तिरके करून पाहा, कारण लांबटपण डोक्याबरोबर फिरले तर दोष आपल्या डोळ्यात आहे आणि स्कोप निर्दोष आहे. थोडी असमानता बाजारातल्या बहुतेक स्कोपमध्ये असतेच. त्रिकोणी, स्पष्ट लांबट किंवा एकीकडे झुकलेली आकृती मात्र स्वीकारू नये.

तरंगत्या ठिपक्यांविषयी सांगायचे तर ती बहुधा धूळ नसावी. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: २० पटीवर ४ मिलिमीटर आणि ६० पटीवर जेमतेम १.३ मिलिमीटर. इतक्या बारीक झोतात आपल्याच डोळ्यातील द्रवात असलेले कण आणि तंतू सावलीसारखे उठून दिसतात. नजर हलवल्यावर ठिपके मागोमाग सरकत असतील तर ते डोळ्यातलेच आहेत. आयपीस (डोळा लावायचे भिंग) फिरवल्यावर ठिपके फिरले, तर मात्र ती आयपीसवरची धूळ समजावी.

घोडबंदर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त तिपाईचा मुद्दा जोडतो, कारण ६० पटीवर हात लागल्याने होणारा कंपही ६० पट दिसतो आणि तो पुष्कळदा फोकसचा दोष समजला जातो. मधला खांब वर करू नये, पायांचे बारीक भाग शक्यतो आतच ठेवावेत, आणि जमल्यास खुर्चीवर बसून पाहावे. ४५ अंशाच्या कोनाचा हा मोठा फायदा आहे. नळीवर हलकी टिचकी मारून चित्र किती वेळात शांत होते ते बघा. सेकंदभरात शांत झाले तर ठीक, त्याहून बराच वेळ लागला तर आधी तिपाई बदलावी.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इमारती जवळजवळ असलेल्या आपल्या शहरांत एवढी मोठी दुर्बीण गॅलरीत दिसली की समोरच्या घरातील माणसांना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. सोसायटीच्या कमिटीला आणि समोरच्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, आवारातील चाचणी भिंतीच्या दिशेने करावी, आणि वापर नसताना स्कोप खाली झुकवून झाकून ठेवावा.

ऐरोलीकर

दोघांचेही मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे आवारात सकाळी छर्रा ठेवून पाहिले. वलये दोन्ही बाजूंना गोल दिसली, बाहेरच्या बाजूला किंचित धूसर. डोके तिरके करूनही आकार बदलला नाही. छर्ऱ्याजवळ नवी नोट लावून तिच्यावरील बारीक अक्षरे पाहिली असता ती २० पेक्षा ६० पटीवर निश्चित अधिक वाचता आली. ठिपके नजरेबरोबर सरकतात, म्हणजे तो प्रश्न मिटला. मात्र नेमक्या फोकसवर चकाकत्या बिंदूतून एक फिकट, सरळ रेषा दोन्हीकडे जाते. ती दोष मानावी का?

पारसिक पायथा

कोनात वळलेल्या अनेक स्कोपमध्ये चित्र सुलट करण्यासाठी छपरासारखी कडा असलेले प्रिझम वापरतात आणि त्या कडेमुळे अतिशय प्रखर बिंदूभोवती अशी एक फिकट रेषा दिसू शकते. पक्षी पाहताना ती जाणवत नाही. रेषा ठळक असती किंवा बिंदू दुहेरी दिसला असता, तर मी परत करण्याचाच सल्ला दिला असता. नोटेवरील अक्षरे ६० पटीवर अधिक स्पष्ट झाली, ही गोष्ट माझ्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण सदोष स्कोपमध्ये पट वाढवल्याने चित्र मोठे होते, पण तपशील वाढत नाही. हा स्कोप आपण ठेवावा.

नेरूळ

आपली गॅलरी पश्चिमेला आहे, म्हणून एक कळकळीची सूचना. खाडीपल्याड मावळणारा सूर्य दुपारनंतर थेट स्कोपच्या समोर येतो. त्या वेळी क्षितिजालगत पक्षी शोधताना सूर्य क्षणभरही दृष्टिक्षेत्रात आला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, आणि घरात लहान मुले असतील तर हा धोका अधिक आहे. दुपारी बारानंतर झाकण लावून ठेवण्याचा नियमच करावा.

पाहण्यासाठीही आपल्या बाजूने सकाळच उत्तम आहे. तेव्हा ऊन पाठीमागून येते, पक्ष्यांचे रंग खरे दिसतात आणि चिखल अजून तापलेला नसतो. त्यातही भरतीचे वेळापत्रक पाहून, पाणी चढू लागले असेल अशी सकाळ निवडावी. दूरच्या चिखलावर पांगलेले रोहित तेव्हा पाण्याबरोबर काठाकडे सरकतात, अंतर कमी होते आणि तीस-चाळीस पटीवर चोचीचा रंग निःशंकपणे सांगता येतो.