पलटणीतली पदकं आणि हुद्दा: तुम्ही पाहिलेलं लिहा

सुभेदारांची मुलगी, कराड (धागाकर्ती)

प्रजासत्ताक दिनाची सन्मानांची यादी शेवटपर्यंत वाचली की दोन वेगळी चित्रं दिसतात. शौर्यपदकं सगळ्या हुद्द्यांना खुली आहेत आणि मिळतातही. कारगिलच्या चार परमवीरांपैकी योगेंद्रसिंह यादव आणि संजय कुमार हे दोघे जवान होते. सेवापदकांचं तसं नाही. परम विशिष्ट सेवा पदक जवळपास सगळं लेफ्टनंट जनरल आणि त्यांच्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांकडे जातं. परम, अति आणि विशिष्ट सेवा ही तिन्ही पदकं १९६० साली सुरू झाली तेव्हा त्यांना वर्ग एक, दोन, तीन असंच म्हणत. आताची नावं १९६७ मधली. नियमात हुद्द्याची अट नाही, तरी यादीत हवालदार शोधावा लागतो.

वडिलांकडून मी कायम ऐकत आले की काम सगळ्यांनी केलं, नाव साहेबांचं झालं. हे कितपत खरं, ते मला मनापासून समजून घ्यायचंय. ज्यांनी पाहिलंय, भोगलंय त्यांनी लिहा. पलटणीचं किंवा कुणाचं नाव नको.

निवृत्त हवालदार क्लार्क, सातारा

ताई, मी सायटेशन, म्हणजे पदकाच्या शिफारशीचे कागद, टाइप केली आहेत, म्हणून लिहितो. चकमक झाली की कंपनी कमांडर मसुदा करतात, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब जोडतात, सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, शिफारस करतात. मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी एकेक वरची मुख्यालयं आणि शेवटी दिल्ली. वरच्यांनी ते घर, तो नाला पाहिलेला नसतो. त्यांच्यापुढे असतो फक्त इंग्रजीतला कागद.

एकाच घरातल्या चकमकीचे दोन कागद एकदा माझ्याकडे आले. अधिकाऱ्यांचा भरगच्च होता: किती वाजता, कुठल्या खिडकीतून फायर आला, किती मीटर रांगत गेले, कुणी कव्हर दिलं. ते साहेब खरंच शूर होते, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. त्यांच्या आधी दारातून आत शिरलेल्या पोराचा जबाब एवढाच: ‘फायर आया, मैं अंदर गया, साहब भी आए.’ मी त्याला बोलावून विचारलं, अरे, आत झालं काय? तर तो उभा राहून करूनच दाखवायला लागला. डावा खांदा भिंतीला कसा लावला, दार पायाने कसं ढकललं, मॅगझिन बदलताना खाली कसा बसला. बोल म्हटलं की पुन्हा तेच एक वाक्य. मी सगळं लिहून काढलं, पण तोवर फाइल ब्रिगेडला गेली होती. साहेबांना सेना पदक मिळालं, पोराला आर्मी कमांडरचं कमेंडेशन कार्ड, म्हणजे शाबासकीचं पत्र.

याच्या उलटही पाहिलं. नंतर आलेले एक सीओ साहेब चकमकीनंतर सगळ्या पार्टीला सॅन्ड मॉडेलभोवती, म्हणजे वाळूत केलेल्या त्या जागेच्या नकाशाभोवती, बसवायचे. प्रत्येकाने स्वतःचं नाही, शेजारच्याने काय केलं ते सांगायचं, मराठीत सांगितलं तरी चालेल. मी लिहून घ्यायचो. आपल्या पोरांना स्वतःबद्दल बोलायला संकोच वाटतो. जोडीदाराबद्दल विचारा, थांबत नाहीत. त्या साहेबांच्या काळात आमच्या शिपायांची नावं वरपर्यंत गेली.

निवृत्त कर्नल, पुणे

हवालदारसाहेबांनी सांगितलेली सॅन्ड मॉडेलची पद्धत प्रत्येक पलटणीत असायला हवी. पण एक गोष्ट नोंदवतो. शौर्यपदकांत तरुण अधिकारी दिसतात कारण आपल्याकडे लेफ्टनंट आणि कॅप्टन पार्टीच्या पुढे चालतात आणि तिथेच पडतात. आणि जदुनाथसिंह, पीरूसिंह, अब्दुल हमीद, अल्बर्ट एक्का यांच्यातलं कुणी अधिकारी नव्हतं, आणि ही नावं वगळून परमवीरांचा इतिहास सांगता येणार नाही.

सेवापदकांबाबत मात्र मी तुमच्या बाजूचा. मोठ्या पदाची जबाबदारी मोठी, हे मान्य. त्यासाठी हुद्दा आणि मान आधीच मिळालेला असतो. उंचावरच्या पोस्टवर माझ्याकडे ईएमईचा, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या कोअरचा, एक नायक होता. जनरेटर बंद पडला तर रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज होत नाहीत आणि पोस्ट मुकी होते. त्या पोराने अख्खा हिवाळा तो जनरेटर बंद पडू दिला नाही, बोटं सुजलेली असताना. मी त्याचं नाव विशिष्ट सेवा पदकासाठी पाठवलं. वरून फोन आला, “नायकाचं नाव नजरचुकीने आलंय का?” नाही म्हणून सांगितलं. नाव पुढे गेलं नाही. त्या फोनचा मला आजही राग येतो.

माणगाव, रायगड

आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, शाळेतून आम्हाला हार घालायला न्यायचे. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव तर साधे शिपाई, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्याच सेनिओ नदीवर दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून बाहेर काढलं आणि परत जाऊन मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

पण त्याच्या खालच्या पायरीवर भेद होता. ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस, शिपायाला मिलिटरी मेडल. ब्रिटनने हा भेद १९९३ मध्ये काढला. आपण १९५० मध्येच परमवीर, महावीर आणि वीर चक्र सगळ्यांना एकच ठेवलं, याचा मला अभिमान आहे.

ड्रायव्हरचा मुलगा, सांगली

बाबा ॲम्ब्युलन्स चालवायचे. दरड कोसळत असताना जखमींना खाली आणलं. दरबारात, म्हणजे पलटणीच्या सभेत, सीओ साहेबांनी सगळ्यांसमोर उभं करून पाठ थोपटली. बाबा तेवढ्यावर खूश आहेत, मी नाही.

वीरपत्नी, कोल्हापूर जिल्हा

आमचे हे बर्फात, गस्तीवर असताना गेले. दोराला बांधलेल्या पुढच्या माणसाला वर ढकलताना खाली गेले, असं त्यांच्या जोडीदाराने घरी येऊन सांगितलं. कागदावर फक्त हिमस्खलन. एका कार्यालयात मला विचारलं, “चक्र नाही ना? मग या योजनेत बसत नाही.” पैशाचं मी मनाला लावून घेत नाही. पण लेकीला शाळेत वडिलांवर निबंध लिहायचा असतो, तेव्हा ती विचारते, आई, त्यांनी काय केलं होतं? जोडीदाराने सांगितलेलं कुणी लिहून घेतलं होतं का, हे कसं कळेल?

निवृत्त हवालदार क्लार्क, सातारा

वहिनी, अशा मृत्यूनंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे सैन्याची चौकशी, बसते, तिच्यात हजर असलेल्यांचे जबाब होतात. शिवाय पलटण स्वतःचा डायजेस्ट ऑफ सर्व्हिस, म्हणजे घडामोडींची नोंदवही, ठेवते, त्यात त्या दिवसाची नोंद असू शकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पलटणीला पत्र द्या, जबाबाचा उतारा मागा. पत्र मी इंग्रजीत लिहून देतो, खाली मराठीही ठेवू म्हणजे लेकीला वाचता येईल. तारीख आणि त्या जोडीदाराचा नंबर मला खासगी निरोपात पाठवा, त्याच्याशी मी आधी बोलतो.