यजमानांच्या कर्करोगात माझी झोप, माझे जेवण आणि माझा राग

प्रश्न : तापीकाठ, यावल तालुका

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या यजमानांना गालाच्या आतील बाजूस कर्करोग असल्याचे निदान झाले. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, पुढे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे किरणोपचार झाले आणि आता आम्ही गावी परतलो आहोत. त्यांच्या नाकात अजून नळी आहे. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन-अडीच तासांनी डाळीचे पाणी, दूध, कधी शिजवलेली खिचडी मिक्सरमधून काढून, गाळून, कोमट करून नळीने द्यावी लागते. देताना त्यांना टेकून बसवायचे, नंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही आणि नळी पाण्याने धुऊन बंद करायची. हे सारे मी शिकले आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही.

मला विचारायचे आहे ते माझ्याविषयी. ज्या माणसाला कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर आल्याशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नसे, त्याच्या घरात फोडणीचा वास उठू नये म्हणून मी गेले तीन महिने मागच्या पडवीत उभ्याउभ्या, बहुतेक वेळा नुसता दूध-भात खाते. रात्री त्यांचा श्वास जरा वेगळा वाटला की जाग येते आणि मग झोप लागत नाही. केळीच्या पिलबागेला पाणी द्यायचे तर वीज रात्रीची असते, म्हणून आठवड्यातून तीन रात्री ठिबक सुरू करायलाही मलाच जावे लागते. माझी स्वतःची थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, पण तीच वेळ त्यांच्या पहिल्या आहाराची असल्यामुळे ती कधी राहून गेली आणि किती दिवस राहिली, हेही मला आता सांगता येत नाही.

याहून अवघड आहे तो राग. वीस वर्षे मी तंबाखूची डबी लपवली, फेकली, मुलांची शपथ घातली. आता त्यांच्या नळीत आहार सोडताना एखाद्या क्षणी तो सारा राग उसळून येतो, आणि पाटीवर लिहून पाणी मागणाऱ्या त्यांच्या हाताकडे पाहिले की त्या रागाचीच लाज वाटते. इतर कोणाला असे होते का? आणि झाले तर काय केले?

प्रतिसाद १ : गिरणाकाठ, चाळीसगाव

ताई, होते. माझ्या पत्नीला २०१९ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. दर एकवीस दिवसांनी किमोथेरपी असे. मधल्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्या आकड्याने माझी झोप नेली. ती शांत झोपलेली असली तरी मी रात्री दोनदा उठून तिच्या काखेत थर्मामीटर लावत असे. पारावर भेटणारा प्रत्येक जण "वहिनींची तब्येत कशी आहे" असे विचारी, आणि ते योग्यच होते. परंतु आठ महिन्यांत "तू कसा आहेस" असे मला एकानेही विचारले नाही, आणि विचारले असते तरी पुरुष माणसाने काय उत्तर द्यायचे, हे मला ठाऊक नव्हते.

मी कोसळलो तो उपचारांच्या काळात नव्हे, तर सर्व तपासण्या चांगल्या आल्यानंतर. लोक पेढे मागत होते आणि मला अंथरुणातून उठवत नव्हते. हे मुद्दाम लिहितो, कारण नळी निघाली की सारे संपेल असे आपण धरून चालतो, आणि मग शरीर थकव्याचा हिशेब मागू लागते तेव्हा माणूस घाबरून जातो.

जेवणाबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे. तुम्ही लपून जेवता हे त्यांना नक्की कळत असेल. आजारी माणसाचे कान आणि नाक फार तीक्ष्ण होतात. त्यांनाच विचारा. त्यांना वास सहन होत नसेल तर ते तसे लिहितील. पण विचारण्याआधीच त्यांच्या वतीने निर्णय घेऊ नका. आमच्या घरी वांग्याच्या भरिताला तेल जास्त झाले म्हणून पत्नी एकदा माझ्यावर चिडली, आणि कित्येक दिवसांनी आम्ही औषधांखेरीज दुसऱ्या विषयावर बोललो याचा मला मनापासून आनंद झाला.

प्रतिसाद २ : निवृत्त परिचारिका, धुळे

मी बत्तीस वर्षे रुग्णालयांत काम केले. आमच्या केसपेपरवर नातेवाइकाचे नाव आणि फोन नंबर एवढेच लिहिले जाई. त्या नातेवाइकाची झोप, वजन किंवा रक्तदाब लिहायला जागाच नव्हती, आणि जे कागदावर नसते ते पाहायचेही राहून जाते, हे मी माझ्या कामातील उणीव म्हणून मान्य करते.

ताई, आधी थायरॉईडचे पाहा. ही गोळी बराच काळ चुकली की थकवा, उदासी, चिडचिड आणि विसरभोळेपणा वाढतो, आणि आपण तो सारा दोष स्वतःच्या स्वभावाला देत बसतो. या आठवड्यात टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना गोळ्या चुकल्याचे खरे सांगा. मनाने दुप्पट गोळ्या घेऊ नका. आहाराच्या सिरिंजच्या डब्यातच गोळ्यांची पट्टी ठेवा आणि उठल्याबरोबर गोळी घ्या. त्यांचा पहिला आहार होऊन भांडी आवरेपर्यंत तुमचा चहाही तासभर मागे पडेल, तेवढे अंतर या गोळीला लागतेच.

रागाविषयी म्हणाल तर तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात तो मी जवळजवळ प्रत्येक पत्नीच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, आणि त्याच बायका ड्रेसिंगच्या वेळी सर्वांत हळुवार हाताने पट्टी सोडवीत. राग आणि माया एकाच हातात राहू शकतात. पण तो रोज बोलायला कोणी तरी हवे. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची शासनाची मोफत फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते आणि ती रुग्णांच्या नातेवाइकांनाही खुली आहे. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीसाठी जात असाल तर तेथील समाजसेवा विभागातही स्वतःविषयी बोला. झोप दोन आठवड्यांहून अधिक अशीच राहिली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

प्रतिसाद ३ : सावदा

भेटायला येणाऱ्यांच्या चहातच निम्मा दिवस जातो, हे आमच्या घरी आईच्या आजारात पाहिले. "काही लागले तर सांगा" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही नेमके काम सांगू लागलो. तुमच्या भाऊबंदांपैकी एकाला ठिबकच्या तीन रात्री सरळ वाटून द्या. आपल्याकडे लग्नात पंगत वाढायला माणसे धावतात, तशी याही कामाला येतात. फक्त काम नाव घेऊन सांगावे लागते. मुंबईच्या फेऱ्यांसाठी रेल्वेची सवलतही घ्या. रुग्णालयाचा दाखला दिल्यास स्लीपरमध्ये रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट मिळते.

तापीकाठ

सर्वांना उत्तर द्यायला चार दिवस लागले. रक्त तपासले, टीएसएच बराच वाढलेला निघाला आणि गोळी पुन्हा नियमित सुरू झाली आहे. चुलत दिराने ठिबकच्या दोन रात्री घेतल्या. तिसरी अजून माझ्याकडेच आहे. काल संध्याकाळी मी यजमानांना विचारले, की तुमच्यासमोर जेवले तर त्रास होईल का. त्यांनी पाटी घेतली, बराच वेळ काही लिहिले नाही, मग लिहिले, "भाकर टाक. वास येऊ दे." मी त्यांच्या खाटेजवळ बसून एक भाकरी आणि ठेचा खाल्ला. दोघांचेही डोळे भरले होते. तंबाखूविषयी मी अजून काहीही बोललेले नाही, आणि ते बोलणे नळी निघाल्यावर करावे की आताच, हे मला ठरवता येत नाही. गिरणाकाठचे दादा, तुम्हाला सवड झाली तर याविषयी लिहा.