मदत हवी आहे : जर्मनीत पोळीचे पीठ आणि श्रीखंडाचा चक्का

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी आम्ही पुण्याहून श्टुटगार्टला राहायला आलो. येथे गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे क्रमांक असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते त्यावरून ते ठरतात, म्हणजे क्रमांक मोठा तितका कोंड्याचा अंश अधिक, एवढे मला समजले आहे. परंतु ४०५ च्या पोळ्या मैद्यासारख्या चिवट होतात आणि फोलकोर्न, म्हणजे अख्ख्या गव्हाच्या, पिठाच्या पोळ्या लाटताना कडेला फाटतात. सासूबाईंना मऊ पोळीच चावते, त्यामुळे ही अडचण आमच्यासाठी मोठी आहे. ही पिठे कोणत्या प्रमाणात मिसळावीत आणि कणीक किती वेळ भिजू द्यावी?

श्रीखंडासाठी चक्क्याऐवजी क्वार्क (येथे मिळणारे दह्यासारखे मऊ, ताजे चीज) वापरायचा असल्यास तो बिनसायीचा घ्यावा की ४० टक्के लिहिलेला, आणि फडक्यात किती तास टांगावा?

आणखी एक विनंती. आम्ही शाकाहारी आहोत आणि मुलीला ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा जर्मन पाव) फार आवडतो. मात्र काही बेकऱ्यांत त्यात डुकराची चरबी घालतात असे कळले. दुकानात हे जर्मनमध्ये नेमके कसे विचारावे? रविवारी येथे दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारच्या आत कोणी सांगू शकल्यास फार आभारी राहीन.