गायनेकोमास्टिया (पुरुषाच्या छातीत स्तनग्रंथी वाढणं): नुसतं लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढणं) पुरेल की ग्रंथीची गाठही काढावी?

वय 27, वजन वर्षभर स्थिर. दोन्ही निपलांखाली रबरासारखी घट्ट चकती लागते, साधारण 3 सेंमी, डावीकडे थोडी मोठी. स्राव नाही. सोनोग्राफीत ग्रंथी आणि चरबी दोन्ही, ग्रेड 2 (मध्यम वाढ). त्वचा लोंबत नाही. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, लिव्हर, किडनी सगळं नॉर्मल. ज्यांनी हे होऊ शकतं अशी स्टेरॉइड, फिनास्टेराइड, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी कुठलीही औषधं घेत नाही. टॅमोक्सिफेन (इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी) चा कोर्स पूर्ण केला: दुखणं थांबलं, आकार तोच. जुनी गाठ तंतुमय होते, मग गोळ्यांनी विरघळत नाही, त्यामुळे पुन्हा गोळ्या सुचवू नयेत ही विनंती.

एक सर्जन म्हणतात फक्त लायपोसक्शन करू, व्रण जेमतेम दिसेल. दुसरे म्हणतात लायपोसक्शन तर करूच, पण एरिओलाच्या (निपलभोवतीच्या गडद वर्तुळाच्या) खालच्या कडेने अर्धगोल छेद घेऊन ग्रंथीही काढू. मला दुसरं पटतं, कारण घट्ट ग्रंथी लायपोसक्शनच्या साध्या कॅन्युलाने (नळीने) नीट निघत नाही आणि मागे राहिली तर निपल फुगीरच दिसतं. धास्ती आहे ती उलट्या टोकाची: निपलखाली जास्त खरवडलं तर तिथे खड्डा पडतो, आणि तो दुरुस्त करणं फार अवघड.

ऑपरेशननंतर 6 आठवडे प्रेशर व्हेस्ट घालायची तयारी आहे. पण काम वजन उचलण्याचं आहे, आणि घाई केली तर आत रक्त साकळेल किंवा पाणी साचेल ही भीती आहे.

ज्यांनी ग्रंथी काढून घेतली किंवा जे ही ऑपरेशनं करतात, त्यांनी कृपया सांगावं: खड्डा पडू नये म्हणून निपलखाली किती जाडीचा थर ठेवला, ड्रेन (साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) लागला का, आणि 15-20 किलो उचलायला कितव्या आठवड्यात परवानगी मिळाली?