रात्रीच्या जेवणाला एकाच भांड्यात काय करावे?

प्रश्न : आम्ही नागपुरात धरमपेठेत राहतो. कार्यालयातून घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात आणि पोळ्या लाटण्याचे त्राण उरत नाही. सासूबाईंना मात्र रात्री गरम, पोटभर जेवण लागते. कृपया काही सुचवावे.

उत्तर १ : ताई, गोळाभात करावा. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, हिंग, मीठ आणि तेलाचे मोहन घालून, पाण्याचा हात लावत लिंबाएवढे गोळे वळावेत आणि भातातले पाणी आटत आले की ते वर अलगद मांडून, झाकण ठेवून, मंद आचेवर सुमारे १५ मिनिटे वाफवावेत. मोहनात काटकसर करू नये, अन्यथा गोळे दडस होतात. वाढताना मोहरी व सुक्या मिरच्यांची गरम फोडणी सढळ हाताने घालावी. तिच्यावाचून या भाताला चव नाही.

उत्तर २ : सूचना उत्तम आहे, परंतु वयस्कर माणसांना रात्री हरभऱ्याची डाळ जड जाते, असा माझा अनुभव आहे. त्यांच्यासाठी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि ताकाची कढी मला अधिक योग्य वाटते.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. भरडा घरात आहे, तेव्हा आज गोळाभात आणि कढी करते. सासूबाईंच्या पानात गोळा एकच वाढीन.