मदत हवी आहे: ब्लड पॅरटची वाढ ९ सेंमीवर थांबली

दीड वर्षाचे दोन ब्लड पॅरट मासे ११० लिटरच्या टाकीत आहेत. लांबी ९ सेंमी, पाच महिन्यांत काहीच फरक नाही. हा संकरित मासा साधारण १८-२० सेंमी होतो आणि नीट सांभाळला तर १० वर्षांच्या पुढे जगतो, म्हणून काळजी वाटते.

तापमान २७ अंश, पीएच ७.४, अमोनिया व नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्य. त्यांच्यापासूनच शेवटी बनून साचणारा नायट्रेट मात्र आठवड्याला ३० टक्के पाणी बदलूनही ६०-८० पीपीएम (दशलक्षात इतके भाग). माझा संशय यावरच आहे. मासा टाकीच्या मापानुसार वाढतो हा नेहमीचा समज मला पटत नाही. साचलेला नायट्रेट आणि अपुरी जागा यांनी तो खुंटतो.

दुसरी शंका खाण्याची. यांचं तोंड पूर्ण मिटत नाही, घशातल्या दातांनी चावतात. ३ मिमीचे तरंगणारे दाणे निम्मे बाहेर सांडतात आणि तळाशी कुजतात. बुडणारे १-२ मिमीचे दाणे दिवसातून दोनदा देऊ का?

२५० लिटरच्या टाकीत हलवल्यावर या वयात खुंटलेली वाढ भरून निघते का? आणि नायट्रेट एकदम उतरवू की रोज १५ टक्के पाणी बदलत हळूहळू?